गोदूची जास्तीची सोळा चित्रं

शॉट नंबर सत्तावीसमध्ये एकशे वीस चित्रं असायला हवी होती. मी दोनदा मोजली. एकशे छत्तीस भरली. पडद्यावर सेकंदाला पंचवीस चित्रं धावतात, म्हणजे शून्य पूर्णांक चौसष्ट सेकंद जास्तीचे. त्या सोळा चित्रांत गोदू तळ्याच्या काठावर उभी राहून उजव्या पायाची बोटं डाव्या पायावर दाबत होती.

मी लाल पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

गोदू म्हणजे पाण्याला घाबरणारी बदकीण. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर यायची, काळी-पांढरी. आता, २००५ मध्ये, एक वाहिनी तिला रंगीत करून परत आणत होती आणि नवे भाग नाशिकला, आमच्या कॉलेज रोडवरच्या स्टुडिओत बनत होते. जुन्या गोदूत काडीचाही बदल चालणार नव्हता. तिच्या सगळ्या सवयींचा तक्ता भिंतीवर होता. फिजिक्सची पदवी घेऊन मी बदकिणीचे पाय तपासत होते. तक्त्याबाहेरचं काही दिसलं की लाल फुली. तीन फुल्या झाल्या की चित्रकार घरी. गेल्या महिन्यात अमित गेला, तो माझ्याच फुलीने.

सत्तावीस नंबर धनराजचा होता, सटाण्याच्या. त्याच्या दोन फुल्या आधीच झाल्या होत्या. चार वाजता स्टुडिओचे प्रमुख फारुख सर शॉट बघणार होते.

"धनराज, ही सोळा चित्रं काढून टाका. आत्ताच. कुणाला कळणार नाही."

"नाही काढणार, चेकर मॅडम."

"मस्करी नको. तिसरी फुली आहे ही."

"मग मारा की." तो स्टॉपवॉचशी चाळा करत होता. इथे प्रत्येक हालचाल आधी स्टॉपवॉचवर मोजायची, मग काढायची. "पण तुम्ही ओढणी एवढी घट्ट का गुंडाळताय?"

"थंडी आहे."

"निफाडच्या कडाक्याच्या थंडीत वाढलेल्या माणसाला नाशिकची थंडी वाजते?"

मी हसले नाही. "ही सवय तक्त्यात नाही. कुठून आणलीत?"

तो हळूच म्हणाला, "आपण चपला बाहेर काढतो ना... माझी खुर्ची सरांच्या केबिनसमोर आहे. आत जायच्या आधी तुम्ही रोज..."

मी खाली पाहिलं. गार फरशीवर माझ्या उजव्या पायाची बोटं डाव्या पायावर होती.

"भीती कशी दिसते ते मला तुमच्याकडे बघून कळलं," तो म्हणाला. "आता ते पुसायचं म्हणजे..."

वाक्य तसंच राहिलं. आतून सरांची हाक आली. फुली न मारताच मी आत गेले.

सरांनी शॉट तीनदा फिरवून पाहिला. "रोशनी, फुली कुठाय?"

"सर, ते पाय... माझे आहेत." "घालवायचं असेल तर दोघांनाही घालवा."

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. मी पाय सरळ केले. उशीर झाला होता.

"ही पाण्याला घाबरते हे इतकी वर्षं नुसतं ऐकत होतो," ते म्हणाले. "आज दिसलं. तक्त्यात घाला ही सवय, वाहिनीशी मी बोलतो. आणि धनराजला सांगा, पुढच्या वेळी आधी विचारायचं. मलाही आणि तुम्हालाही."

धनराज दाराबाहेरच उभा होता, चेहरा पांढराफटक.

"काय शे?" घाबरला की त्याच्या तोंडी घरची अहिराणी यायची.

"राहिलात तुम्ही. पण सर म्हणाले, आधी विचारायचं."

त्याने श्वास सोडला. स्टॉपवॉच मुठीत घट्ट धरलं.

"मग विचारतो... रविवारी आईला घेऊन तुझ्या घरी येऊ?"

टक् असा आवाज झाला. सवयीने त्याचा अंगठा बटणावर दाबला गेला होता. दादांचा, माझ्या वडिलांचा, करडा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून सर्रकन गेला, आणि उजवा पाय आपोआप उचलला गेला.

"ये."

टक्.

त्याने मूठ उघडली. आम्ही दोघंही वाकून बघू लागलो.

शून्य पूर्णांक चौसष्ट सेकंद.