प्रश्न एकोणिसावा

समितीने कालोलाइनेचं प्रेम नामंजूर केलं. एकमताने आणि चहा यायच्या आधी.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. संशोधनात निष्कर्ष आधी सांगायचा नसतो, आणि कालोलाइने नियमाने चालणारी मुलगी होती.

नुकुआलोफा या बेटावरच्या राजधानीतल्या इस्पितळात सहा वर्षं तिने साखरेच्या आजाराने चिघळलेले पाय धुतले, बांधले. पाय कापलेली माणसं घरी जायची आणि दोनेक वर्षांनी परत यायची... दुसऱ्या पायासाठी. मधल्या काळात घरी काय घडतं, हे कुणीच विचारलं नव्हतं. ते हिने विचारायचं ठरवलं. ब्रिस्बेनच्या एका विद्यापीठाने कळवलं, चाळीस घरांच्या मुलाखती आणा, डॉक्टरेटची तीन वर्षांची जागा तुमची. एकोणचाळीस चालणार नाहीत. तिच्या वॉर्डातल्या कुठल्याही नर्सला अशी जागा कधी मिळाली नव्हती.

सतराव्या घराचा पत्ता होता ‘चर्चच्या मागे’. त्या गावात चर्च पाच. चौथ्याच्या मागे पावसाने गाठलं, म्हणून ती दिसेल त्या पडवीत शिरली. तिथे एक रुंद खांद्यांचा तरुण घमेल्यात एका म्हाताऱ्याचा पाय धूत होता. इतक्या हळुवारपणे, की ती पत्ता विचारायचं विसरली.

“कुणाचं घर शोधताय, नर्सबाई?”

“फिनेआसींचं. त्यांचा एक पाय कापलाय.”

तरुणाने म्हाताऱ्याच्या पायाकडे पाहिलं. मग जिथे दुसरा असायला हवा होता, तिथे पाहिलं. “बाबा, तुमच्या ओळखीत आहे का असं कुणी?”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो सातेकी, मुलगा. ऑस्ट्रेलियातलं फळबागेतलं काम सोडून बापासाठी परत आलेला.

तिने पिशवीतल्या रेकॉर्डिंगच्या यंत्राला हात घातला. “यंत्र काढू नका,” तो म्हणाला. “पत्र्यावर पाऊस वाजतोय तोवर ते बहिरंच. जेवा आधी.”

नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं त्याने वाढली. वाढताना एकदाच वर पाहिलं. एकदा म्हणजे... तिने मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली, तर बापलेक कमरेला चटया गुंडाळून ताठ बसलेले. लग्नाला, मयताला किंवा राजासमोर जाताना गुंडाळतात त्या.

“अहो, नुसतं रेकॉर्डिंग आहे!”

“ऐकणार कोण?” फिनेआसींनी विचारलं.

“ब्रिस्बेनचे प्राध्यापक.”

“मग पाहुणेच की.”

यंत्राला घरातल्या सगळ्यात बारीक विणीच्या चटईवर बसवलं गेलं. फिनेआसींनी घसा खाकरला आणि रीतीप्रमाणे नमन सुरू केलं. राजाला, सरदारांना, पाद्र्यांना, प्राध्यापकांना, प्राध्यापकांच्या दिवंगत पूर्वजांना. नमनालाच घडाभर तेल गेलं आणि यंत्राची बॅटरीही गेली.

“उद्या या,” सातेकी गंभीरपणे म्हणाला. “प्राध्यापकांचं आजोळ राहिलंय.”

ती पाच वेळा गेली. चार वेळा कामासाठी... बहुतेक. तिसऱ्यांदा तो तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला, चौथ्यांदा ‘अहो’चं ‘अगं’ झालं, आणि दोघांनीही ते ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

सहाव्या दिवशी फिनेआसी म्हणाले, “पोरी, आज नमन नाही. दम पुरत नाही.”

तिने यंत्र सुरू केलं.

“पाय गेला त्याचं काही वाटत नाही. पण पोरगं परक्या मुलखातली कमाई सोडून आलं आणि रोज माझा उरलेला पाय धुतं. मला लाज वाटते. दुखतं का, हे सगळे विचारतात. लाज वाटते का, हे कुणी विचारलं नाही. लाजेपायीच माणूस जखम लपवतो, पोरी.”

सहा वर्षं ती जे शोधत होती ते हेच. आवाज सांभाळत तिने कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला. “प्रश्न एकोणिसावा. काळजी घेणाऱ्याला कोणत्या आधाराची गरज वाटते?”

“तुझी,” सातेकी म्हणाला.

“आधाराचं विचारलंय.”

“त्याचंच सांगतोय.”

“यंत्र चालू आहे, सातेकी—”

“माझी हरकत नाही,” फिनेआसी म्हणाले. “हेही त्यात घ्या.”

अकरा दिवसांनी फिनेआसी गेले. मयताला ती काळ्या कपड्यांत, घरच्या माणसासारखी मोठी जाडीभरडी चटई गुंडाळून मागे बसली. मग घरी येऊन ती मुलाखत शब्दन् शब्द उतरवली, नियमाप्रमाणे हावभावांसह: ‘सहभागी सतरा-ब मुलाखतकाराकडे पाहतो. मुलाखतकार बराच वेळ गप्प.’

एक ओळ गाळली असती तर कुणाला कळलं नसतं. तिने गाळली नाही. उलट विद्यापीठाच्या नीतिसमितीला कळवलं की मुलाखतकाराचं गप्प बसणं म्हणजे होकार होता, आणि पुढे काय करावं असं विचारलं. समितीने प्रेमाला सवलत नाकारून दोन पर्याय दिले. सतराव्या घराची मुलाखत संपूर्ण पुसावी. नाहीतर अभ्यास पुरा होईपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, सहभागीशी कोणताही संपर्क ठेवू नये.

ती पत्र घेऊन पडवीत गेली.

“पुसलं तर?” सातेकीने विचारलं.

“एकोणचाळीस उरतील, नवं घर शोधायला मुदत नाही. जागा जाईल. मी इथेच राहीन... तुझ्याजवळ.”

“आणि बाबा?”

“बाबाही पुसले जातील.”

तो रिकाम्या घमेल्याकडे बघत राहिला. “ते आयुष्यात एकदाच नमनाशिवाय बोलले गं.”

“म्हणूनच मला ठरवता येईना.”

“ठेव.”

“तीन वर्षं, सातेकी. पत्र नाही, फोन नाही—”

“वाचलं मी. ठेव ते. आणखी कुणाचा तरी पाय वाचेल.”

तिने त्याचा हात धरला. पहिल्यांदाच, आणि यंत्र नसताना. “एकोणिसाव्या प्रश्नाला माझंही तेच उत्तर आहे,” ती म्हणाली. “कुठे नोंद नाही, तू लक्षात ठेव.”

सोमवारी ती ब्रिस्बेनला गेली. मंगळवारी समितीकडे अर्ज आला:

‘प्रति, माननीय अध्यक्ष. अर्जदार सहभागी सतरा-ब अट तंतोतंत पाळत आहे. तथापि, सदर तीन वर्षं अर्जदार व संशोधिका यांच्या आयुष्यातून खर्ची पडल्याचं न धरता, ती दोघांच्याही आयुष्याच्या शेवटी, एकत्र, जोडून देण्यात यावीत, ही नम्र विनंती.’