पाठीवरची बटणं

सुई हरवली होती. ती आपल्या शिवणाच्या दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकून, हातात लोहचुंबक घेऊन सुई शोधत होती, तेवढ्यात एक ओला बूट दारातून आत आला आणि तिच्या नाकासमोर टेकला.

"हलू नका," ती खालूनच म्हणाली. "तुमच्या पायाखाली सुई आहे."

तो बिचारा एक पाय उचलून, दाराची चौकट धरून उभा राहिला. बाहेर भुरभुर पाऊस चालू होता. सुई निघाली ती त्याच्या बुटाच्या रबरी तळव्यात. तिने ती चिमटीत धरून उपसली, उजेडात नीट पाहिली आणि मग कुठे त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो हसत होता. काही न बोलता, फुकटचा हसणारा माणूस पाहिला की तिला आधी शंका यायची.

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणत. एक तर तिच्या तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या काढल्यावर तोंडातून जे बाहेर पडे, ते त्याहून टोकदार असे. दुकानात नवं शिवणं, जुनं उसवून बेतणं, सगळं चाले. मागच्या खोलीत ती आणि तिची मावशी राहत.

तो खरं तर शेजारच्या लाँड्रीत आला होता, पण लाँड्री बंद होती. पिशवीतून त्याने बाईचा एक गाऊन काढला आणि हा दुरुस्त होईल का, असं विचारलं. काय करायचं, तर पुढून सगळं तसंच ठेवायचं आणि पाठीमागून गळ्यापासून खालपर्यंत सरळ उघडा करायचा.

"पूर्ण उघडा?"

"पूर्ण."

"कोण घालतं असं?"

तो काहीतरी बोलणार होता... मग थांबला. कान लाल झाले त्याचे. "आहे एक," एवढंच म्हणाला.

तिने गाऊन घेतला. पण पाठ अशी वाऱ्यावर सोडणं तिच्या हाताला पटेना. ज्या बाईंकडे ती शिवण शिकली, त्या म्हणायच्या की उघडं टाकलेलं काम म्हणजे अर्धं काम. म्हणून तिने मागे ओळीने काजं केली आणि त्याच कापडाने मढवलेली लहान गोल बटणं लावली. तो न्यायला आला तेव्हा त्या बटणांवरून बोट फिरवत बराच वेळ उभा राहिला.

"बटणं नसती तरी चाललं असतं," तो हळूच म्हणाला.

"तुमच्या 'आहे एक'ला सांगा, माझ्या दुकानातून उघड्या पाठीने कुणी बाहेर जात नाही."

त्यावर तो पुन्हा हसला आणि पैसे ठेवून गेला. मग दर आठवड्याला येऊ लागला.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटात लोंबकळून त्याच्या हातांना तेलाचा वास येई, म्हणून कापडाला हात लावण्याआधी तो रुमालाने बोटं पुसून घेई. हे तिला आवडलं. पावती फाडेपर्यंतच्या वेळात तो काहीबाही सांगे. एकदा म्हणाला, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं फार खरं बोलतात.

"मग तुम्हाला एकदा अडकवायला हवं," ती म्हणाली.

"अडकलोच आहे की... तुमची पावती संपतेय कुठे."

ती पावतीवर वाकली, म्हणजे गालावर आलेलं हसू दिसू नये. पण ते हसू ओठांवरच विरलं, कारण पिशवीतून निघालेला या वेळचा गाऊन आधीच्यापेक्षा दुप्पट रुंद होता. त्याच्या आधीचा अगदी किरकोळ बांध्याच्या बाईचा होता. आणि सगळ्यांची मागणी तीच, पाठ उघडी.

मावशीने पडद्याआडून सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, बायकोचे असते तर एका मापाचे नसते आले का? मावशीला दुसऱ्याच्या भानगडीत मनापासून रस असे. ती बोटांवर मोजायला लागली तशी टाचणीने मशीन जोरात चालू केलं.

तिच्या संशयाला कारण होतं. तिचं लग्न एकदा ठरलं होतं आणि मोडलं ते एका बटणामुळे. होणाऱ्या नवऱ्याच्या शर्टाचं बटण कुणीतरी नव्याने लावलं होतं. दोरा दुहेरी, गाठ आतल्या बाजूला, वर प्रेमाने चार वेढे. ते शिंप्याचं काम नव्हतं, बायकोचं होतं. तिने विचारलं, तो उडवाउडवी करू लागला, आणि शेवटी दुसऱ्या गावातला त्याचा सगळा संसार बाहेर आला. तेव्हापासून तिने ठरवलं होतं की माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या कपड्यांवर विश्वास ठेवायचा. पुन्हा एकदा फसली असती तर या वेळी ती सावरली नसती, हे तिचं तिला ठाऊक होतं.

आणि एक दिवस लिफ्टवाल्याने स्वतःचं जॅकेट चेन बदलायला दिलं. खिसे रिकामे करायची तिची सवय. आतल्या खिशात हात घातला तर मूठभर बटणं हाताला लागली. तिचीच मढवलेली बटणं, निळी, पिवळी, फुलाफुलांची, कात्रीने कापून काढलेली. काहींना तर दोऱ्याचे तुकडे अजून चिकटलेले.

तिने ती कापायच्या टेबलावर पसरली. मावशी चष्मा लावून आली, खूप वेळ पाहत राहिली आणि म्हणाली की हा माणूस वेडा तरी असेल नाहीतर महाबदमाश. टाचणीने एक बटण उचलून त्याचा कापलेला दोरा पाहिला. बायकांच्या कपड्यांची बटणं कापून खिशात बाळगणारा माणूस... आणि याच माणसासाठी ती आठवडाभर पावलांचा कानोसा घेत होती. तिला त्याचा राग आला, त्याहून स्वतःचा आला. बटणं जशीच्या तशी खिशात ठेवून तिने जॅकेट परत केलं आणि त्याला एका शब्दाने काही विचारलं नाही. विचारलं की माणूस गोड गोड उत्तर देतो, हे ती शिकली होती.

रविवारी ती मावशीबरोबर चर्चमध्ये गेली. तोही त्याच चर्चमध्ये येई, पण दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसे आणि शेवटचं गीत संपायच्या आत नाहीसा होई. त्या दिवशी त्याच्या मांडीवर तीच पिशवी होती. गीत सुरू झालं, तो उठला, आणि टाचणीही उठली. मावशीने तिची बाही ओढली. टाचणीने ती सोडवून घेतली.

तो भराभर चालत होता. बेकरीवरून, शाळेच्या कुंपणाला वळसा घालून, एका जुन्या इमारतीचे जिने चढून तो वरच्या मजल्यावर गेला आणि दार न वाजवता आत शिरला. दार लोटलेलं होतं. आतून एका बाईचा आवाज आला, "आज उशीर केलास." टाचणीचं डोकं तापलं. आता जे असेल ते डोळ्यांनी बघून मोकळं व्हायचं, असं म्हणून तिने दार ढकललं.

खिडकीपाशी पलंग होता. पलंगावर एक म्हातारी बाई कुशीवर वळवलेली होती आणि तो गुडघ्यांवर बसून कोमट पाण्याच्या फडक्याने तिची पाठ पुसत होता. त्या वाळलेल्या पाठीवर, मणक्याच्या रेषेत, एकाखाली एक लाल वण उमटले होते. गोल, लहान, बटणाएवढे.

त्याने चटकन चादर ओढून पाठ झाकली. म्हातारीने मान वळवली, आणि टाचणीने तिला ओळखलं. तिच्या शिवणाच्या बाई होत्या त्या. सरळ ताठ चालणाऱ्या, टाका वाकडा गेला की सगळं उसवायला लावणाऱ्या. चर्चमध्ये पुढून दुसऱ्या बाकावर, टाचणी आणि मावशीच्या शेजारी, त्यांची जागा ठरलेली असे. ती जागा रिकामी झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं की बाई भाच्याकडे राहायला गेल्या. टाचणीने त्यावर विश्वास ठेवला होता. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या तिने तेवढ्या एका गोष्टीची चौकशी केली नव्हती. ती आणि मावशी फक्त थोड्या ऐसपैस सरकून बसल्या होत्या.

"हिला आणलंस?" बाईंचा आवाज थरथरत होता. "मी सांगितलं होतं ना तुला, माझ्याकडे शिकलेल्या मुलींपैकी कुणाच्या नजरेला मी अशी पडता कामा नये. शब्द दिला होतास. ऊठ, आणि उद्यापासून येऊ नकोस."

टाचणीकडे बोट दाखवून त्याला सुटता आलं असतं, पण त्याने ते केलं नाही. फडकं पिळून भांड्याच्या काठावर ठेवलं आणि खाली मान घालून उभा राहिला. टाचणीला तेव्हा कळलं की आपण गप्प राहिलो तर हा माणूस तसाच जिना उतरेल, आणि उद्या बाईंची पाठ पुसायला कुणी नसेल.

"बाई, त्यांनी मला काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "मी चोरून मागे आले. संशय आला म्हणून."

"कसला संशय?"

ती ओठ चावत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं... यांना पाच-सहा बायका आहेत. वेगवेगळ्या मापाच्या."

मग चादर हलायला लागली. बाई हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. लिफ्टवाल्याचे कान पुन्हा लाल झाले.

"याला?" बाई धापा टाकत म्हणाल्या. "याला एक मिळताना मारामार आहे."

हसू ओसरल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं. पहिल्या गाऊनची शिवण हाताला लागली तेव्हाच त्यांनी ती कुणाची ते ओळखलं होतं, आणि त्याला बजावलं होतं की पुढचं सगळं काम तिच्याकडेच द्यायचं, पण कुणाचं ते सांगायचं नाही. बटणं टोचायची. त्या बोलल्या नाहीत, पण त्याला वण दिसले. तेव्हापासून तो प्रत्येक गाऊन आणल्याबरोबर ती कापून टाकी आणि आपल्या अडाणी हाताने नाड्या लावी. या आठवड्यातल्या गाऊनची बटणं तेवढी बाईंनी हट्टाने ठेवायला लावली होती.

"पाठीला बटणं लावायला कुणी शिकवलं गं तुला?"

"तुम्हीच, बाई."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. "उभ्या बाईचा विचार करून शिकवलं," त्या म्हणाल्या. "आडवी होईन असं तेव्हा कुठे वाटलं होतं. जा, नीट करून आण."

खाली उतरताना जिन्यात ती थांबली. तो दोन पायऱ्या खाली होता, त्यामुळे दोघांचे डोळे एका पातळीत आले. बाकीचे गाऊन कुणाचे, असं तिने विचारलं. चर्चमधले आम्ही काही जण अंथरुणाला खिळलेल्यांची घरं वाटून घेतो, तो म्हणाला. कुणाचं नाव बाहेर सांगायचं नाही, एवढा एकच नियम. ज्याचं करायचं त्याला मान खाली घालावी लागू नये म्हणून.

"आणि शेवटचं गीत अर्धं सोडून पळायचं?"

"बाईंना तेवढ्या वेळात कूस बदलायची असते." त्याने कठड्यावर हात टेकला. "येशूवर प्रेम आहे असं गाणं मला सोपं वाटतं. तो तक्रार करत नाही. बाई करतात... मग कळतं, प्रेम खरंच आहे का ते."

त्या क्षणी तिला त्याचा हात धरावासा वाटला होता, पण हातात बाईंचा गाऊन होता.

दुकानात येऊन तिने तो बटणांचा गाऊन स्वतः अंगात घातला आणि कापायच्या टेबलावर उताणी पडली. मावशीने आधी छातीवर हात मारला, मग मुकाट्याने खुर्ची ओढून बसली. हळूहळू एकेक बटण पाठीत रुतायला लागलं. बाईंना तर कूसही बदलता येत नव्हती. टाचणीचे डोळे भरून आले आणि ती तशीच पडून रडली. मग उठून तिने सगळं उसवलं. मागचे दोन्ही पदर एकमेकांवर रुंद बेतले, पाठीखाली एकही शिवण येऊ दिली नाही आणि मऊ बंद थेट कुशीला, पुढून बांधता येतील असे नेले. पाठ झाकलेली राहिली आणि टोचायलाही काही उरलं नाही. पुन्हा झोपून पाहिलं. मग मावशीलाही झोपवून पाहिलं. मावशीला चक्क डुलकी लागली.

तो न्यायला आला तेव्हा तिने गाऊन पुढे केला आणि रविवारी आपणही येणार असल्याचं सांगून टाकलं. मधे एकदा जाऊन विचारल्यावर बाईंनी होकार दिला होता, फक्त टाका वाकडा गेला तर उसवायला लावू अशी धमकी देऊन. तो गाऊनवरून हात फिरवत राहिला. मागे मावशीचा पडदा हलायचा थांबला होता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "बटणं कापलीत ते कळलं. पण खिशात का ठेवलीत? फेकायची ना."

त्याने रुमालाने बोटं पुसली. पुसलेलीच होती, तरी पुन्हा पुसली. "फेकणार होतो. पहिल्या दिवशी कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलोही... पण तुमच्या हातची होती. तुम्ही एवढ्या मायेने लावलेली. मला जमेना." मग त्याने मान वर केली. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. हे काही लिफ्टमध्ये अडकून म्हणत नाही, दार उघडं आहे."

दार खरंच उघडं होतं. मग तिने हात पुढे केला. "जॅकेट द्या."

त्याने गोंधळून काढून दिलं. तिने आतल्या खिशातून एक निळं बटण निवडलं, सुईत दोरा ओवला आणि अस्तरावर, बरोबर छातीच्या बाजूला, ते लावायला घेतलं. दोरा दुहेरी, गाठ आतून, वर चार वेढे. दाताने दोरा तोडून तिने जॅकेट त्याच्या हातात दिलं.

"माझा हात मी ओळखते," ती म्हणाली. "यावर दुसऱ्या कुणाचा एक जरी टाका दिसला, तर तुझी खैर नाही."

तो त्या बटणावर अंगठा ठेवून उभा राहिला. "तुझी" हा शब्द त्याने ऐकला होता.

"मग तपासावं लागेल तुला," तो म्हणाला. "किती दिवसांनी?"

"रोज," टाचणी म्हणाली.