बदली नटाची चिठ्ठी

ब्रॅडफर्डला बुधवारचा दुपारचा प्रयोग होता. मी नेहमीप्रमाणे सर जाइल्स पेनहॅलोचा कोट झटकून ठेवला, खोट्या दाढीच्या डिंकाची बाटली उघडली. नाट्यशाळा दुसऱ्या वर्षी सोडल्यावर मला हेच काम मिळालं होतं, म्हाताऱ्याची बटणं लावायचं.

माझा बाप, लेन टॅटरसॉल, एकोणीस वर्षं ह्याचा बदली नट होता. रंगमंचावर गेला तो एकदाच. जाइल्स पिऊन पडला होता आणि सिनेमावाले पुढे येऊन बसलेले. बदली नट उभा राहिला की प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत त्याच्या नावाची चिठ्ठी घालतात. त्या दिवशी घातली नाही. दाढीआड कोण आहे, कुणाला कळलं नाही. बापाने केलेल्या कप्तानाच्या भूमिकेवर जाइल्सला सिनेमा मिळाला, सिनेमावर 'सर' मिळालं. बाप गप्प बसला आणि गप्पच मेला.

आज त्याच कप्तानाच्या भूमिकेत जाइल्सचा शेवटचा प्रयोग, पडद्यानंतर निरोपाचं भाषण.

"त्यात बाबांचं नाव घ्या," मी म्हणाले. "एकदाच."

तो आरशातून हसला. "पोरी, लेन गुणी होता. गुणी माणसं मागत नाहीत."

"म्हणून मी मागतेय."

"भाषण लिहून झालंय. दाढी नीट चिकटव."

रंगमंचावरचं सगळं आम्हाला भिंतीवरच्या स्पीकरमधून ऐकू यायचं. त्यातून हाक आली, सर जाइल्स, प्रवेश. तो उठायला गेला आणि उठलाच नाही. हात खुर्चीला चिकटल्यासारखे, दाढीत ओठ हलतायत, आवाज नाही. मग वास आला. लवंगेचा. बाप घशासाठी लवंग चघळायचा.

मी दाराकडे वळले, तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"दोर सोडा रे... किनारा दिसतोय..."

कप्तानाचं पहिलं वाक्य. भांडी घासताना बाप हे रोज म्हणायचा. अगदी ह्याच आवाजात.

"लेन..." जाइल्स पुटपुटला. "हा तर... लेन..."

मला रडू आलं नाही, संताप आला. मेल्यावरही धावून आलास? ह्याचीच लाज राखायला? मी स्पीकरवर मूठ आपटली. "बाबा, थांब. होऊ दे ह्याची फजिती."

आवाज थांबला. कुणीतरी श्वास घेतला, माझ्या कानाशी. मग पुढचं वाक्य सुरू झालं.

शेवटच्या टाळ्यांपर्यंत जाइल्स खुर्चीतच होता. प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्या ऑगडेनबाई आत आल्या, त्याला बघून दारातच थबकल्या.

"हे इथे? मग तो टॅटरसॉल कोण, नवीन आहे का? पडद्यानंतर कुठे गेला काय माहीत. लोक सहीसाठी मागच्या दाराशी थांबलेत. आणि चिठ्ठ्या कुणी छापल्या? आम्हाला पत्ता नाही."

त्यांनी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. 'आजच्या प्रयोगात कप्तानाच्या भूमिकेत लेन टॅटरसॉल.' मी ती जाइल्सच्या डोळ्यांपुढे धरली. वाचून होईपर्यंत हलवली नाही. त्यानंतर तो कधीच बोलला नाही.

सहा वर्षं झाली. चिठ्ठी माझ्याकडे आहे. आजही हात लावला की शाई बोटाला लागते.