सुतकातला कप्तान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, लेको. मधेच खिदळलात तर मी उठून घरी जाईन. हे माझ्या मित्राच्या, पांतेलीसच्या बाबतीत घडलंय, आणि तो थापाड्या नव्हता. निदान माझ्याइतका तरी नाही.

चार वर्षं झाली. चोवीस मार्चची रात्र. दुसऱ्या दिवशी आपला स्वातंत्र्यदिन, तुर्कांविरुद्ध उठाव केल्याचा, आणि मिरवणुकीत पुढे कप्तान अनार्गिरोसचं चित्र लागतं. तुम्ही पाहिलंयच. तुर्कांची जहाजं जाळणारा आपल्या बेटाचा वाघ. भरघोस मिशा, हनुवटी मात्र गुळगुळीत. ते चित्र असतं त्याच्या वंशातल्या असिमिनामावशीकडे. पांतेलीस ते आणायला गेला.

मावशी घरात एकटीच. एकुलता एक मुलगा झान्निस मालवाहू जहाजावर, आणि आठवडा उलटला तरी त्याचा फोन नव्हता. कंपनीवाले म्हणत, वादळ आहे, संपर्क तुटलाय, धीर धरा.

“काही कळलं का गं, मावशी?”

“कळेल. मेला आळशी आहे. फोन करायचा म्हटलं की जिवावर येतं त्याच्या.”

म्हणाली, आणि स्वतःच जीभ चावली.

पांतेलीसनं स्टुलावर चढून चित्र उतरवलं. हनुवटी काळपट दिसली.

“देवापुढच्या दिव्याची काजळी बसलीय बघ.”

“कालच पुसलंय मी.”

त्यानं ओलं फडकं फिरवलं. जाईना. पुन्हा फिरवलं. मग दिव्याजवळ नेलं...

दाढीचे खुंट. रंगातच... बारीक बारीक.

घरातलं माणूस गेलं की आपल्याकडे पुरुष चाळीस दिवस वस्तरा लावत नाहीत. पांतेलीसच्या हातातलं फडकं पडलं. चित्र भिंतीकडे फिरवायला गेला, तर मावशी मागेच उभी.

तिनं पाहिलं.

“आमच्या घरात कुणी गेलेलं नाही.”

पांतेलीसनं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं.

“नाही ना रे?”

ती रडली नाही. ताटात गहू ओतले आणि निवडायला बसली. गेलेल्यासाठी उकडतात ना, ते. पांतेलीस म्हणायचा, “मलाही काही वाटेना रे. नुसता बधिर झालो होतो. समोर बसलो आणि मीही निवडायला लागलो.” दोघं उजाडेपर्यंत निवडत राहिले.

सकाळी कंपनीचा फोन आला. मावशी “बरं” म्हणाली आणि ठेवला. झान्निसचं प्रेत काही मिळालं नाही. त्या वर्षी मिरवणूक चित्राशिवायच निघाली.

चाळिसाव्याला मीही होतो. चर्चमधून तिच्या घरी कॉफीला गेलो. भिंतीवर कप्तान, हनुवटी पुन्हा गुळगुळीत. खालच्या फळीवर काळ्या, राठ केसांची चिमूट. त्या घरात दाढी करणारं कोण उरलं होतं?

मावशीनं ते केस बोटानं टिपले आणि रुमालात बांधले.

वरच्या दफनभूमीत झान्निसच्या नावाची कबर आहे ना, तिच्यात तो रुमाल आहे. पुरायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.