चाळीस जोड आणि एक नमुना

पावसाची भुरभुर चुकवत तो बुटांच्या कारखान्याच्या शोरूममध्ये शिरला तेव्हा त्याच्या बुटांतून पचपच आवाज येत होता. काउंटरपाशी ती एकटीच होती. त्यानं एक तपकिरी जोड घालून बघितला, चार पावलं टाकली आणि म्हणाला, "हाच द्या."

"हा घेऊ नका."

"का? शोभत नाही?"

"शोभतो हो. पण टाचेजवळची शिलाई बघा, टाके लांब पडलेत. दोन महिन्यांत उसवेल."

त्यानं बूट डोळ्यांजवळ नेला. "मला तर काहीच दिसत नाही."

"दिसायचं नाही. बोट फिरवा... असं." तिनं त्याचं बोट धरून टाक्यांवरून नेलं. मग आपण काय धरलंय हे लक्षात आलं आणि तिनं हात झटकन मागे घेतला.

तो हसला. ओल्या बुटांनीच परत गेला. पण दारात थबकून त्यानं एकदा मागे बघितलं, आणि तीही नेमकी तेव्हाच बघत होती.

काचेच्या केबिनमधून हे सगळं मॅनेजरांनीही पाहिलं. "आणखी एक गिऱ्हाईक पिटाळलंत," ते म्हणाले. शोरूममध्ये तिचं नावच 'घेऊनका' पडलं होतं. वर्षभरात सगळ्यांत कमी विक्री तिची. वडील घरी बसून बूट शिवायचे, त्यांच्या मांडीशी खेळत ती वाढली. वाईट शिलाई चांगली म्हणून विकायला तिची जीभच उचलत नसे. "उद्यापासून मूल्यमापन आहे," मॅनेजर पुढे म्हणाले. "कोण कुठल्या कामाला लायक ते बाहेरची माणसं ठरवणार. जो कुठेच बसणार नाही, त्याला महिन्याची नोटीस. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो."

घरी आत्यानं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, चार गोड शब्द बोललीस तर जीभ झडेल का?"

"जीभ नाही झडणार, आत्या. बूट उसवेल."

दुसऱ्या दिवशी ती मीटिंगच्या खोलीत गेली, तर टेबलापलीकडे फॉर्मांचा गठ्ठा आणि स्टॉपवॉच घेऊन तोच बसला होता. मग त्यानं घसा साफ केला.

"छापील प्रश्नांपलीकडे मला एक शब्दही बोलता येत नाही. नियम आहे. प्रश्न सात : अनोळखी व्यक्तीशी बोलताना तुम्हाला संकोच वाटतो का? कधीच नाही, कधी कधी, की नेहमी?"

"कालपर्यंत कधीच नाही. आज वाटतोय."

"असा... असा पर्याय नाही."

"मग वाढवा की."

"मला छापलेलं सोडून बोलता येत नाही हो!"

"आत्ता काय केलंत?"

त्याचे कान लाल झाले. "प्रश्न आठ. वरिष्ठांची चूक दिसल्यास तुम्ही काय करता?"

"सांगते. जरा हळू आवाजात."

शेवटी त्यानं चामड्याचे साठ तुकडे पुढे ठेवले. डोळे मिटून, नुसत्या स्पर्शानं, सारख्या जाडीचे एकत्र लावायचे. तिनं डोळे मिटले. बोटं तुकड्यांवरून अशी फिरली जशी पेटीवादकाची पट्ट्यांवरून. शेवटचा तुकडा ठेवून तिनं डोळे उघडले, तेव्हा तो तिच्याकडे बघत होता. आणि स्टॉपवॉच... शून्यावर होतं. दाबायचंच राहून गेलं होतं.

"किती मिनिटं लागली?" तिनं विचारलं.

त्यानं तुकडे तपासले. एकही तुकडा चुकला नव्हता. पण वेळेशिवाय गुण देता येत नव्हते.

शुक्रवारी सगळा कारखाना कँटीनच्या हॉलमध्ये जमला. मालकीणबाई पुढच्या खुर्चीवर. मॅनेजर एकेक निकाल वाचत होते. तिच्या कागदाशी ते थांबले, आणि त्यांच्या ओठांवर हसू आलं.

"इथे मूल्यमापकांनी लिहिलंय : 'वेळ नोंदवला गेला नाही. कारण : माझं लक्ष घड्याळाकडे नव्हतं, उमेदवाराकडे होतं. यांच्या बाबतीत मी तटस्थ नाही. कृपया दुसरा मूल्यमापक नेमावा.'"

हॉलमध्ये खसखस पिकली. कुणीतरी शीळ घातली. तो मागच्या भिंतीशी उभा होता. मान खाली, पण जागचा हलला नाही. लाजावं की रडावं तेच तिला कळेना.

"म्हणजे चाचणी रद्द," मॅनेजर म्हणाले. "आणि विक्री तर आपण जाणतोच. तेव्हा नोटीस—"

"चाचणी रद्द, मी नाही," ती उठून म्हणाली. आवाज कापत होता, पण पोचला. "आता सगळ्यांसमोर घ्या. घड्याळ कुणीही धरा."

मालकीणबाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "आणा रे माल."

परगावच्या दुकानांत जाणारे चाळीस जोड मांडले गेले. तिनं ते कधी हाताळलेही नव्हते. तपासणी खात्यानं त्यांत बारा सदोष मिसळले होते. शेजारी नमुन्याचा जोड होता, ज्याच्याशी ताडून प्रत्येक बूट पास होतो. घड्याळ मालकीणबाईंनी स्वतः धरलं.

नऊ मिनिटांत बारा जोड बाजूला झाले. बाराही बरोबर. टाळ्या सुरू होणार, तोच तिनं नमुना उचलला, तळहातावर तोलला आणि त्याच ढिगात ठेवला.

"अहो, तो नमुना आहे!" मॅनेजर ओरडले.

"तोच चुकलाय. डावी टाच चढी आहे. म्हणून हे उरलेले अठ्ठावीसही तसेच."

मालकीणबाईंनी कॅलिपर मागवला, चष्मा चढवला, दोनदा मोजलं.

"दोन मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "डावा पाय दुखतो म्हणून किती तक्रारी आल्यात, मॅनेजर?"

"एकशे... सत्तर. आम्हाला वाटलं, गिऱ्हाईकच कटकटं आहे."

"सोमवारपासून ही तपासणीची प्रमुख. हिनं हात लावल्याशिवाय एक जोड बाहेर जायचा नाही." मग त्या मागच्या भिंतीकडे वळल्या. "आणि तुम्ही, तटस्थ नसलेले! माणूस बरोबर हेरलंत."

आता मात्र टाळ्यांनी छत दणाणलं.

त्या गलक्यातून वाट काढत तिनं त्याला व्हरांड्यात गाठलं. बॅग खांद्याला लावून तो निघालाच होता.

"कुठे?"

"ऑफिसनं इथलं काम काढून घेतलंय. सोमवारी नदीपलीकडच्या कापडगिरणीत."

"तुमच्या त्या चार ओळींनी माझी नोकरी गेली असती."

"माहीत आहे. दोन रात्री झोप नाही." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "अंदाजे चार मिनिटं लिहून टाकता आली असती. पण तुमच्या खऱ्या कामाला माझा खोटा आकडा... नाही जमलं. आणि दुसरं जे लिहिलं, ते आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला—"

"थांब," ती म्हणाली. "सगळ्या कारखान्यानं तुझं ऐकलंय. आता माझी पाळी. मला तू आवडतोस."

त्याच्या खांद्यावरून बॅग घसरली. ती उचलायला तो वाकला नाही. तिचा हात मात्र घट्ट धरला.

पाळी बदलल्याची घंटा झाली आणि हॉलची दारं धाडकन उघडली. माणसांचा लोंढा व्हरांड्यात आला, तसाच थबकला.

"अहो प्रमुखबाई, वाट द्या की!"

ती हसली, त्याला ओढून भिंतीशी सरकली, आणि सगळा कारखाना बघत बघत पुढून जात असताना तिनं तो हात सोडला नाही.