चार वेळा दाबलेलं शून्य

मंगळवार, १८ मार्च २०२५. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

अमरावतीच्या एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये, बॅटरी काढलेल्या डिजिटल डायलच्या, म्हणजे वाकडेपणा मोजायच्या उपकरणाच्या पडद्यावर आकडा उमटला.

०.३८

हे घडलेलं आहे. पाहणारे दोघे होते. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, तरी सांगण्यात एका मिनिटाचाही फरक पडत नाही. वर्कशॉपचं नाव तेवढं इथे दिलेलं नाही.

पहिला धर्मपाल, लेथ चालवणारा. नवी बॅटरी टाकायची म्हणून त्यानेच जुनी काढली होती.

दुसरा शेखर. वर्कशॉपमधून बाहेर जाणारा प्रत्येक नग मोजून पास करणं हे त्याचं काम.

"शेखरभाऊ," धर्मपाल म्हणाला, "बॅटरी तं माह्या हातात हाय."

शेखर पडद्याजवळ वाकला.

"उन्हानं डोकं फिरलं असन याचं. मार्चातच मानसं बरळून राह्यले, हे तं यंत्र हाय."

शेखरला हसू आलं नाही. त्याला तो आकडा ओळखीचा होता.

जानेवारीत भातकुलीजवळच्या एका जिनिंगमधून, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातून, पंख्याचा शाफ्ट दुरुस्तीला आला होता. कापूस ओढून घेणारा माणसाएवढा पंखा, आणि त्याच्या मधोमध हा लोखंडी दांडा. दांडा वाकडा असेल तर पंखा थरथरतो आणि एक दिवस फुटतो.

वर्कशॉपमधले सर्वात जुने कारागीर होते नत्थुजी. वय एकसष्ट. शाफ्ट मोजण्याआधी ते हातोडीने त्यावर हलकेच टकटक करायचे, कान द्यायचे, मग डायल लावायचे. डायलचं टोक शाफ्टवर टेकवायचं, बटण दाबून शून्य करायचं आणि शाफ्ट हळूहळू पूर्ण एक फेरी फिरवायचा. आकडा जितका हलेल तितका शाफ्ट वाकडा.

०.०५ मिलिमीटरपर्यंत चालतं. नत्थुजींना मिळाले ०.३८.

"हा जाऊ देऊ नको, शेखर," ते म्हणाले. "पुन्हा सरळ करा लागते. दोन दिवस लागन."

मालक हरिहर यांनी जिनिंगवाल्याला दुसऱ्या दिवशीचा शब्द दिला होता. त्यांनी शेखरला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. "रिपोर्ट संध्याकाळी टेबलावर पाहिजे. कसा, ते तू बघ," एवढंच म्हणाले.

शेखरने बघितलं.

त्याने शाफ्ट पाव फेरी फिरवला आणि शून्य दाबलं. आणखी पाव फेरी, पुन्हा शून्य. असं चार वेळा. दर वेळी पडद्यावर ०.००. त्याने त्याचे फोटो काढले आणि रिपोर्टवर ०.०२ लिहिलं. मोजणाऱ्याच्या जागी नत्थुजींची सही हवी होती. तीही त्यानेच केली.

नत्थुजींना सांगितलं, रात्रपाळीत जास्तीची माणसं लावून शाफ्ट सरळ करून घेतला.

त्यांनी विश्वास ठेवला. १० जानेवारीला ते भातकुलीला शाफ्ट बसवायला गेले. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पंखा सुरू झाला. दोन वाजून अकरा मिनिटांनी फुटला.

चौकशीत शेखरने सांगितलं की माप नत्थुजींनीच घेतलं होतं. वय झालं होतं, नजर कमी झाली होती.

नोंद तशीच झाली. चूक मयताची.

बुधवारी शेखरने डायल ग्रॅनाइटच्या पाटावर स्टँडला लावून ठेवली. टोक हवेत मोकळं. खाली काहीच नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. लेथ थांबले, कॉम्प्रेसर थांबला. शेजारच्या शेडमधला ग्राइंडरही थांबला...

मग मागच्या रॅककडून आवाज आला.

टक... टक...

थोडा वेळ काहीच नाही. जसं कोणी कान देतंय.

शेखरने डायलकडे पाहिलं.

टोक आत जात होतं.

हवेत मोकळं असलेलं टोक हळूहळू आत दाबलं जात होतं... थांबत होतं... परत बाहेर येत होतं. झोपलेल्या माणसाच्या छातीवर ठेवावं तसं.

"धर्मपाल," तो म्हणाला, "तुले दिसून राह्यलं का?"

धर्मपाल दारापर्यंत मागे सरला होता. या वेळी त्याला चेष्टा सुचली नाही.

गुरुवारी त्याच जिनिंगचा दुसरा शाफ्ट मोजायला आला. जुना पंखा फुटल्यापासून त्यांचं काम भाड्याच्या पंख्यावर चाललं होतं.

या वेळी शेखरने सगळं नेमाने केलं. शून्य एकदाच दाबलं. धर्मपालला शाफ्ट फिरवायला सांगितलं.

टोक आत-बाहेर होत होतं. नुसत्या डोळ्यांना दिसावं इतकं.

पडद्यावर ०.००.

दुसरी डायल लावली. ०.००. तिसरी शेजारच्या शेडमधून मागून आणली. शेजाऱ्याच्या हातात ती नीट आकडे दाखवत होती. शेखरने धरली... ०.००.

हरिहर मागे येऊन उभे राहिले. "पास आहे ना?"

"साहेब, वाकडा हाय. डोळ्यानं दिसते."

"डोळ्यांनी मोजायला तुला ठेवलेलं नाही. आकडा काय आहे?"

"शून्य."

"मग सही कर. आणि उद्या बसवायला तूच जा. तुझ्या आकड्यावर तुझाच भरवसा नसेल तर कोणाचा असायचा?"

शेखरला त्या पंख्याची खोली आठवली. एकच दार, चारही बाजूंनी भिंत. चालू करणाऱ्याला पंख्याला लागूनच उभं राहावं लागतं.

"मी जात नाही," तो म्हणाला. "सही बी करत नाही."

हरिहरांनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः सही केली. मोजणाऱ्याच्या जागीही.

त्या संध्याकाळी शेखर वलगावला गेला. नत्थुजींच्या पत्नी माणिकबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. तो उभ्यानेच सगळं बोलला. चार वेळा दाबलेलं शून्य, ती सही, चौकशीतला जबाब.

माणिकबाईंचे हात थांबले नाहीत.

"माह्यासमोर काहून सांगता, शेखरभाऊ? जिथं लिवलं तिथं सांगा."

"उद्याच अकोल्याले जातो, काकू. चौकशीवाले साहेब तिथंच बसतात. पण काकू... नत्थुजी इथं येते का? तुमाले काही दिसते का?"

"नाही." त्यांनी सूप झटकलं. "काम अर्धं टाकून ते कधी घरी आले नाही. आताच कसे येतीन?"

शुक्रवारी सकाळी शेखरने अकोल्याची गाडी धरली. चौकशी अधिकाऱ्यासमोर लेखी जबाब दिला. काही झाकलं नाही, स्वतःचं तर नाहीच. सही केली, तारीख घातली. पोच मिळाली तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आज भातकुलीला वाकडा शाफ्ट लागतोय, तो थांबवा, असंही त्याने सांगितलं. अधिकाऱ्याने लगेच जिनिंगला फोन लावला. पंखा सुरू करू नका, असा निरोप पोचला.

बाहेर येऊन शेखर रसवंतीच्या सावलीत बसला. जानेवारीनंतर पहिल्यांदा त्याचे खांदे सैल झाले.

दोन वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. माणिकबाई होत्या.

"आले," त्या म्हणाल्या.

"कोण, काकू?"

"न्हाणीत हात धुऊन राह्यले."

शेखरने हरिहरांना फोन लावला. रिंग जात राहिली. मग धर्मपालला लावला. तो हरिहरांसोबत शाफ्ट घेऊन भातकुलीला गेला होता.

धर्मपालने त्या दिवशी जे सांगितलं, तेच पुढे पोलिसांना सांगितलं. निरोप आल्यावर त्याने मेन स्विचचे फ्यूज काढून खिशात घातले. हरिहर चिडले. शाफ्टमध्ये काही दोष नाही, मी हाताने फिरवून दाखवतो म्हणाले आणि एकटेच पंख्याच्या खोलीत गेले. धर्मपाल दारासमोर उभा होता. दार एकच.

आतून आवाज आला. टक... टक...

मग पंखा फिरल्याचा. एकच फेरी, हळू.

तो आत गेला तेव्हा खोली रिकामी होती.

फरशीवर रक्त नव्हतं. पंखा स्थिर होता. फ्यूज धर्मपालच्या खिशात होते. पोलिसांनी पंखा पूर्ण खोलून पाहिला. हरिहर बेपत्ता असल्याची नोंद झाली. आज तीन आठवडे झाले, ती नोंद तशीच आहे. तो पंखा सुरू करायला कोणी तयार नाही.

नत्थुजींच्या नावावरचा ठपका काढल्याचं पत्र चार एप्रिलला निघालं. शेखरवर खटला उभा राहील. त्याला त्याची तक्रार नाही.

त्याची झोप उडाली आहे ती वेगळ्या कारणाने.

माणिकबाई रोज फोन करतात. दुपारी, दोन वाजून बारा मिनिटांनी. त्यांच्या बोलण्यात राग नसतो. शेजारणीशी बोलावं तसं बोलतात.

पहिल्या दिवशी म्हणाल्या, "हात धुतले, पण जेवाले बसत नाही."

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ताट वाढलं. दोन पाट मांडाले लावले."

काल म्हणाल्या, "दाराकडेच पाहून राह्यले."

शेखर फोन तसाच कानाला लावून बसला. पलीकडून भांड्याचा आवाज आला... आणि त्यामागे कोणाचा तरी श्वास.

"शेखरभाऊ," माणिकबाईंनी विचारलं, "ते इचारून राह्यले. तुमी कवा येता?"