धाकटा घ्यावा की थोरला

उज्वलाने काउंटरवर फोन ठेवला आणि त्याच्या चार्जिंगच्या भोकातून झेंडूची अर्धी पाकळी डोकावली. सार्थकने ती चिमट्याने ओढली, उजेडात धरली आणि गंभीरपणे विचारलं, "फोन पाण्यात पडला की फुलांत?"

"दोन्हीत," ती म्हणाली.

झालं होतं असं – मखमलाबादच्या मळ्यात फुलं तोडताना तिने फोन क्रेटच्या कडेला ठेवला, त्यावर ओंजळ-ओंजळ झेंडू पडत गेला, आणि बाजाराला निघण्याआधी वडिलांनी, म्हणजे लहानूभाऊंनी, क्रेटवर मायेने भरपूर पाणी मारलं. फुलं टवटवीत झाली. फोन गेला.

पंचवटीतल्या त्या बोळात सार्थक जुने फोन दुरुस्त करून पुन्हा विकायचा. उज्वलाला नवाकोरा नकोच होता. मळ्यात कशाचंही नवेपण आठवडाभर टिकत नाही. त्याने दोन फोन पुढे केले. एकाच कंपनीचे, एकाच सालचे. धाकटा मुठीत मावणारा, थोरला तळहात ओलांडून जाणारा. तिने धाकटा डाव्या हातात घेतला, अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. नजर वर केली तर... तो फोनकडे नाही, तिच्या झेंडूने पिवळ्या पडलेल्या बोटांकडे पाहत होता.

"याची बॅटरी जरा लवकर उतरते," तो गडबडून म्हणाला.

तिने थोरला उचलला. तर हा म्हणे जड आहे, हातातून निसटेल.

दुकानदार प्रेमात पडला की आपल्याच मालाला नावं ठेवायला लागतो, आणि गिऱ्हाईक पडलं की घासाघीस विसरतं. इथे दोन्ही सुरू होतं. बाजार आटोपला की रिकामे क्रेट टेम्पोत टाकून, "जरा फोन बघून येते," म्हणत उज्वला बोळात शिरायची. थोरल्यावर आईला फोटो मोठे दिसतील, म्हणायची. मग लगेच, पण धाकटा फुलं तोडायच्या झोळीत नीट बसतो, असंही म्हणायची. सार्थक दोन्हींत खोट काढायचा. एका कॉलेजकुमाराला थोरला आवडला, तर त्याचा कॅमेरा बिघडलाय, असं सांगून सार्थकने त्याला वाटेला लावलं. कॅमेरा ठणठणीत होता. शेजारच्या हळदीकुंकवाच्या दुकानातून झुंबरशेठ हे सगळं पाहायचे. हे फोन विकायचे आहेत की देव्हाऱ्यात ठेवायचे, असं त्यांनी एकदा विचारूनही पाहिलं.

बघता बघता दसरा तोंडावर आला.

उज्वलाने सांगितलं की आता फुलांची मोठी तोडणी सुरू होईल, बाजारात तिच्याऐवजी तिचा भाऊ येईल, तिला मळ्यातून हलता यायचं नाही. व्यापाऱ्यांचे व्हॉट्सॲपचे मेसेज आईच्या बटणांच्या फोनवर येत नाहीत, तेव्हा फोन आजच घ्यायला हवा. मग काउंटरवर नसलेली धूळ पुसत ती हळूच म्हणाली, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निफाडचे पाहुणे येणार आहेत... तिला बघायला.

सार्थकने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "कुठला घेऊ?"

"धाकटा."

"का?"

"तुमचा उजवा हात फुलांत असतो. डाव्या हातात थोरला पेलायचा नाही. आणि याची बॅटरी... मी कधीच नवी टाकलीय."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही आला असता का?"

बोळात एक रिक्षा अडकली होती आणि दोन स्कूटरवाले तिच्याशी भांडत होते. उज्वलाने तो सगळा तमाशा जरुरीपेक्षा जास्त वेळ पाहिला. वळली तेव्हा तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"मला पहिल्याच दिवशी धाकटा पसंत पडला होता," ती म्हणाली. "मी काय रोज बॅटरी बघायला येत होते?"

फोन घेऊन ती पायरी उतरली, थांबली, आणि मागे न बघता म्हणाली, "दसऱ्याला सोनं द्यायला मळ्यात या. तुमच्या आईंना घेऊन. पाहुणे दुसऱ्या दिवशी येणारेत... तुम्ही आधी या."

दसऱ्याला सार्थक आपट्याची पानं घेऊन गेला, सोबत त्याची आई छायाबाई. तो वाकून नमस्कार करू लागला, तेवढ्यात उज्वलाच्या आईने, साळूबाईंनी, त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"फोन नीट चालतो का, ते बघायला आलास व्हय?"

सार्थकने घाईघाईने आपट्याची पानं पुढे केली. छायाबाईंनीच सोक्षमोक्ष लावला. "फोनचं निमित्त हो, ताई. आम्ही तुमच्या उज्वलाला मागणी घालायला आलोय."

लहानूभाऊ हातातलं आपट्याचं पान उलटंपालटं करत राहिले आणि मिशीत हसले. साळूबाईंनी कपाळाला हात लावला.

"अन् निफाडच्यांना आता मी काय सांगू?"

उज्वला आतून बाहेर आली. धाकटा फोन तिने आईच्या हातात दिला. पलीकडे रिंग वाजत होती.

"लावलाय त्यांनाच," ती म्हणाली. "बोल."